तेविसावा आठवडा

नाम्सोसच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान.
बावीस वर्षं मी माणसांआधी त्यांची चाकं बघते.
दोन्ही कडा झिजलेल्या: हवेचा आळस.
मधलीच पट्टी गुळगुळीत: हवा ठासून भरलीय,
कुणीतरी भीती घातली असणार.
एकच खांदा खाल्लेला: कधीतरी फुटपाथला धडकलात
आणि घरी बोलला नाहीत.

ईस्टर संपला की रांग लागते,
खिळ्यांचे हिवाळी टायर उतरवायची.
त्या रांगेत रेइदुल्फ यांची पांढरी मोटरहोम,
दर रविवारी धुतलेली.
फेरीबोटीची इंजिनं सांभाळून निवृत्त झालेला माणूस,
नखांतलं ग्रीस अजून निवृत्त नाही.
"नुसती हवा बघ, गुन्वोर.
नॉर्डकॅपला निघालोय."

वाकले. खाचेत काटा घातला.
साडेआठ मिलिमीटर. चारही चाकांना साडेआठ.
साच्यातून निघतानाचे रबरी केससुद्धा जागेवर,
पोरग्याच्या पहिल्या मिशीसारखे.
मग बाजूच्या भिंतीवरून अंगठा फिरवला:
बारीक भेगा, शिळ्या पावाच्या कवचावर असतात तशा.
खाली, जिथे वर्षानुवर्षं भार बसला, तिथे चपटं.
आणि छोट्याशा चौकटीत चार आकडे, २३१६.
सोळा सालचा तेविसावा आठवडा. जून.
आमच्याकडे तेव्हा रात्र होत नाही.

"हे टायर गेले," मी म्हटलं.
"गेले?" रेइदुल्फ चिडले. "गेले कुठे?
ते कुठे गेलेच नाहीत!"

मग स्वतःच बोनेटला टेकून मोजू लागले:
पहिल्या वर्षी तूरब्योर्गचा गुडघा,
पुढच्या वर्षी घराचं छप्पर,
मग सगळं जगच बंद, मग
पुढच्या जूनमध्ये नक्की,
मग पुढच्या जूनमध्ये.
खिडकीची काच खाली आली. तूरब्योर्ग.
"महिन्यातून एकदा पुढेमागे सरकव म्हटलं होतं.
निदान हातभर."

झिजलेला टायर मी रोज फेकते, वाईट वाटत नाही.
त्याचं काम झालेलं असतं.
हे चार मात्र उतरवले
आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवले.

नवे चढवले, कॅम्परचे, जाड अंगाचे.
हवा किती? दारावरच्या स्टिकरवर आकडा असतो,
पण स्टिकरला तुमची पाण्याची टाकी ठाऊक नसते,
दोन सायकली, बटाट्यांचं पोतं ठाऊक नसतं.
आधी वजनकाट्यावर जा, म्हटलं, एकेक चाक तोला.

तासाभराने परत, दोघंही गप्प.
मागचं डावं चाक ऐंशी किलोंनी जड.
"तुझी बिडाची भांडी," ते म्हणाले.
तिने उतरून मागचा कप्पा उघडला.
आत, चादरीत गुंडाळलेला, फेरीबोटीचा पाण्याचा पंप.
"वाटेत दुरुस्त करणार होतो," ते पुटपुटले.
आम्ही तिघांनी तो उचलून माझ्या दुकानात आणला.

मागे पाच पूर्णांक तीन बार, पुढे चार पूर्णांक सहा.
थंड चाकांना, सकाळी, कॉफीच्या आधी.
मनगटावर पेनाने लिहून घेतलं त्यांनी.

सप्टेंबरात आले. चिखल न धुतलेला.
मागे आठ उरलेत, पुढे सात.
पुढची चाकं ओढतात, वळतात, ब्रेकचा मार खातात,
मागची नुसता भार वाहतात.
अदलाबदल केली: आता त्यांनी ओढायचं.
पुढच्या उजव्याच्या खाचेत एक खडा अडकला होता,
पातळ, काळा, आमच्या किनाऱ्याचा नव्हे.
पेचकसाने काढला, ओव्हरऑलच्या खिशात टाकला.
तूरब्योर्ग बघत होती; काही बोलली नाही.

पंपाचं त्यांनी विचारलं नाही.
मीही आठवण केली नाही.