आठ टक्के धूळ

बदरियाबाईंचं अत्तराचं दुकान हवल्लीत,
मोबाइल दुरुस्तीच्या गाळ्यांना लागून.
आता त्यांना ते पडद्यावर हवंय,
घरबसल्या कुणालाही उघडता येईल असं.
"मागे काहीतरी सुंदर टाक," म्हणाल्या,
"पण माझ्या बाटल्यांपेक्षा सुंदर नको."

एवढंच काम.
नऊ दिवस झाले, मी त्यावर बसून आहे.

आधी वाळवंट टाकलं,
विकतच्या फोटोतलं, उंटासकट.
त्या हसल्या. "उंट काय अत्तर लावतो?"
मग सदूची वीण, काळी-लाल, त्रिकोणावर त्रिकोण,
अक्षरं तीत अशी अडकली
जसा बाभळीत पदर.
मग समुद्र. मग सोनेरी.
सोनेरी तर मलाच रात्रभर खुपत राहिलं.

मिरजेला माझे वडील कोट शिवायचे.
गिऱ्हाईक वरचं कापड चिमटीत धरून बघायचं,
वडील अस्तर निवडायला बसले
की अर्धा दिवस गेलाच.
विचारलं तर म्हणायचे,
"लोकांना दिसतं ते कापड. अंगाला लागतं ते अस्तर."
तेव्हा मला ते उशीर झाल्याचं कारण वाटायचं.
आता रात्री अकराला मी एक चौकोन
त्याच चौकोनाला जोडून बघते,
डावी कड उजवीला, वरची खालच्या कडेला,
आणि जोड दिसला
की तोंडातल्या तोंडात त्यांच्यासारखीच च्च करते.

इथे अक्षरं उजवीकडून निघतात,
म्हणून उजेडही उजवीकडून आणावा लागतो.
आणि रंगांना नावं नाहीत.
आमसुली, चिंतामणी, गव्हाळ,
कुणाला सांगू?
प्रत्येकाला सहा खुणांचा नंबर,
जसा मला बारा आकड्यांचा, सिव्हिल आयडीवरचा.

बुधवारी तोझ सुटला.
दुपारी तीनला दिवे लावले,
खिडकीच्या फटींना ओले टॉवेल,
तरी भातात कचकच.
सकाळी तळघरात सगळ्या गाड्या एकाच रंगाच्या,
मालकाची लेक्सस काय
आणि शिजिलची पंधरा वर्षांची सनी काय.
मुस्तकीम, सिल्हेटचा,
एक बॉनेट अर्धं पुसून थांबला होता, पाणी बदलायला.
ओल्या फडक्याची एक कमान, तिच्या पोटात दुसरी,
कडेला विरत गेलेल्या चार बोटांच्या रेषा,
आणि मध्ये कोरी धूळ,
चाळणीतून पडलेल्या पिठासारखी.
मी फोन काढला.
तो चटकन बाजूला सरकला,
फोटोत आपण यायला नको म्हणून.

रंग काढून टाकला. गाडी काढून टाकली.
उरलं ते पुसट करत नेलं.
सहा टक्क्यांवर काहीच दिसेना,
दहावर मळकं.
आठ.
वर बाटल्या ठेवल्या, नावं ठेवली, किमती.
कशातही न अडकता
पहिल्यांदाच सगळं आपापल्या जागी उभं राहिलं.

बदरियाबाई बराच वेळ बघत होत्या.
"ऊद आहे ना हा? जळताना असाच वळतो धूर."
मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.
त्यांनी ठरलेले दिनार मोजले,
वर एक छोटी बाटली दिली, गुलाबाची.

संध्याकाळी खाली उतरून मुस्तकीमला दाखवलं.
अत्तराबद्दल त्यानं काही विचारलं नाही.
अंगठा पँटला पुसला,
दोन बोटांनी चित्र मोठं केलं, अजून मोठं,
कमानीच्या टोकाशी नेऊन थांबला.
"दीदी," म्हणाला,
"इथे पुसायचं राहिलंय."