दहातून किती

गुरुवार. दुपारी दोन. व्याख्यानगृह क्रमांक एक.
दाराशी हजेरीपट घेऊन मी बसतो,
सही केली की अर्धा गुण.
सही करून मागच्या दाराने सटकणारे
मला तोंडपाठ आहेत. मीही त्यातलाच होतो.

पौषातली धुळ्याची थंडी,
पंखे बंद, स्वेटरवर पांढरे कोट,
पडद्यावर तांबड्या पेशी:
बहुतेक गोल, काही विळ्यासारख्या वाकलेल्या.
पुण्याचे पाहुणे बोलतात छान, मोजून.
लाल ठिपका पेशीपेशीवरून फिरतो.
पुढच्या रांगेत विभागप्रमुख मान हलवतात,
झोपेतही बरोबर जागी.

मग आमची केस.
प्रणिता गावित, दुसरं वर्ष, नवापूरकडची,
कागद न बघता सांगते:
मुलगा, वय चौदा, साक्री तालुका,
थंडी पडली की दरसाल भरती.
वेदना: दहातून सात.

‘सात कुणी ठरवले?’
पाहुणे विचारतात, पाणी पिता पिता.
‘मी, सर.’
मागे कुणीतरी हसतं.
ती थांबत नाही.
‘मी विचारलं, दहातून किती?
त्याने आईकडे पाहिलं.
आई म्हणाली, दहा कसाना?
रुपये, दिवस, गोण्या,
मला सांगता आलं नाही.
मग तोच म्हणाला,
हाडेस्मा जिन चाली ऱ्हायनी.
रकाना एका आकड्यापुरता होता, सर.
मी सात लिहिलं.’

ज्यांना अहिराणी येते ते
फरशीकडे बघू लागले,
ज्यांना येत नाही ते त्यांच्याकडे.
लाल ठिपका विझला.
‘जिन म्हणजे?’

विभागप्रमुख उठले.
वडील त्यांचे जिनवर तोलाईला होते,
मला वीस वर्षांत ठाऊक नव्हतं.
दोन्ही हात पुढे धरून त्यांनी दाखवलं:
हा रूळ, हे पातं,
रुई ओढली जाते इकडे,
सरकी गळते खाली.
‘आणि हंगामभर,’ ते म्हणाले,
‘रात्रीसुद्धा बंद होत नाही.’
हात मात्र तसेच राहिले हवेत,
कुठे ठेवावेत हे विसरल्यासारखे.

झिपरूभाऊ चहाची किटली घेऊन
दारातच उभा. समोसे गार.
मग आभार, शाल, केळीच्या वेफर्सचा पुडा.
हजेरीपटावर त्रेसष्ट सह्या.

रात्री वॉर्डात गेलो. खाट नऊ.
तो झोपला होता, सलाईन थेंबथेंब.
आई खाली चटईवर, उशाशी डबा.
मी काही विचारलं नाही.
खिडकीची काच नीट बसत नव्हती,
फटीतून गार वारा,
आणि लांबून, गावाबाहेरून,
एक संथ घरघर.
मी कान देऊन ऐकतोय हे तिने पाहिलं असावं.
म्हणाली, ‘हाई भाहेरनी शे, सायेब.’

खिशातलं दुपारचं कार्यक्रमपत्र
चार घड्या घालून मी फटीत खोचलं.
वारा थांबला.
घरघर येत राहिली.