वाळलेली माती

शेवटची भरलेली बोट गेली तेव्हा
मी धक्क्यावर नव्हते.
कॅफेच्या मागच्या दाराशी पालथ्या क्रेटवर बसून
पायमोजे सोलून काढत होते.

तावी तार्तूला परतला, कॉलेज सुरू झालं त्याचं.
एप्रनच्या खिशात त्याची चिठ्ठी राहिली:
दोन कॉफी, राईच्या पावावर धुरी दिलेला मासा,
टेबल चार. म्हातारी रडते आहे. पैसे घेऊ नकोस.
मला ती म्हातारी आठवेना.
माझ्यासमोरून अख्खा उन्हाळा
नुसती टेबलं गेली.

मग झोप. अकरा दिवस.
झोपेतही वेलदोड्याचे पाव मोजत होते
आणि दर वेळी एक कमी भरत होता.
एंडेलनं जेवायला बोलावलं, तर त्याचा घास तोंडात असतानाच
मी त्याची ताटली उचलली, टेबल पुसलं.
तो म्हणाला, "मारिका, बस."
बसले. हात मात्र बसेनात.

अंगणातल्या जुन्या सौनाघरात माझं चाक आहे.
मे महिन्यापासून त्यावर कोळ्याचा संसार.
मागच्या हिवाळ्यात साठ कप घडवले होते इथंच,
एकेकाला अंगठ्याचा ठसा देऊन.
उरले एकोणीस.
काही फुटले. काही पर्यटकांच्या पिशव्यांतून
समुद्रापलीकडे गेले असावेत.
चोरणाऱ्यांचा राग येत नाही.
त्यांनी निदान कपाकडे पाहिलं.

बादलीतली माती वर दगड, आत चिवट,
ना ओली ना कोरडी.
पाणी ओतलं. वरच्या वर राहिलं.
हेल्वेबाईंनी शिकवलं होतं, सिगारेट विझवत, सहज:
अर्धवट ओली माती पाणी पीत नाही.
तिला फोड, पसर, हाडासारखी वाळू दे.
आणि तोवर तिच्या वाटेला जाऊ नकोस.

फोडली.
पावांच्या त्याच ट्रेंमध्ये पसरली, खिडकीत ठेवली.
बेकिंगचा वास अजून होता पत्र्याला.

सप्टेंबरभर मी काही केलं नाही.
हे लिहायला सोपं आहे.
शेतांवर क्रौंच जमायचे, दिवसभर कर्कशायचे,
त्यांचंही निघणं काही ठरत नव्हतं.
दारावरची पाटी वाचून कुणी विचारायचं, कधी उघडणार?
मी म्हणायचे, माती वाळली की.
गावात बातमी पसरली
की माझ्या कॅफेसमोरचा रस्ता खणणार आहेत.

एका सकाळी ढेकूळ नखानं वाजवलं.
खणखणलं.
बादलीत सोडलं तर आधी चुर्रर्र,
मग बारीक बुडबुड्यांची रांग,
मग कुणी हात न लावता
ते आपलं आपण ढासळलं,
कडेकडेनं, पापुद्र्या-पापुद्र्यानं,
लोण्यासारखं तळाशी बसलं.
दुसरं सोडलं. तिसरं.
ढवळायचं नसतं. हातात चमचा होता,
खिशात घातला.
दुपार झाली तरी मी बादलीपाशीच.
कॉफी करायचीही आठवण नाही.

चार दिवसांनी चाकावर बसले.
बोटं सवयीनं कपाकडेच निघाली,
भिंत वर, कड बाहेर, सहाशे मिलिमीटर उंचीच्या फळीवर
रांगेत मावेल असं काही.
चाक थांबवलं. कड आत दाबली. अजून थोडी.
एंडेल लाकडं घेऊन आला, बराच वेळ बघत राहिला.
"किती कॉफी मावेल यात?"
"थेंबही नाही."
"मग बरंय," म्हणाला, आणि भट्टीशी लाकडं रचू लागला.

त्या रात्री हात धुताना
टेबल चारची म्हातारी आठवली.
चेहरा नाही. फक्त हात.
माझा कप तिनं कान सोडून
दोन्ही तळव्यांत धरला होता,
कॉफी केव्हाच गार झाली होती,
आणि मी, मागून, रिकामा ट्रे घेऊन,
तिनं तो खाली ठेवायची वाट बघत उभी होते.