अस्तर

साखर पेठेत इरण्णाच्या दुकानात
मी काजं करायचो. अकरा वर्षांचा.
बोटात सुई घुसली की तो म्हणायचा,
"रक्त लावू नको, कापड गिऱ्हाइकाचं आहे."

त्या मे महिन्यात गिऱ्हाईक एकच मागायचं : टोपी.
खादीची, पांढरी.
शिंदीची झाडं तोडून आलेली माणसं
कुऱ्हाड उंबऱ्याशी टेकवून
डोक्याचं माप द्यायची.
टेप झिजली, म्हणून दोरीला गाठी मारल्या –
ही मागावरच्या यल्लय्याची,
ही जुन्या मिलमधल्या कासिमची, मोठी.

मग रूपाभवानीकडून आवाज आला.
आम्हाला वाटलं, गिरणीत पट्टा तुटला.

पुढचे तीन-चार दिवस गावात पोलीस नव्हता.
पुस्तकात हे एका ओळीत येतं.
मला आठवतं ते एवढंच :
चौकात अंबव्वाचा पोरगा, पायात चप्पल नाही,
टांग्यांना हात दाखवत होता
आणि टांगे थांबत होते.

नंतर लष्कर.
दवंडी आली, टोपी दिसली की तुरुंग.
इरण्णाकडे सत्तावीस शिवून तयार.
न्यायला कोणी फिरकलं नाही.

रात्री कंदिलाला फडकं बांधून
आम्ही उसवत बसलो, टाका न् टाका.
शिवण्याहून उसवायला वेळ लागतो
हे मला तेव्हा कळलं.

सकाळी छावणीतून कोटांचा गठ्ठा आला.
खाकी, बगलेत फाटलेले, घामानं ताठ.
इरण्णानं एकेक उलटा केला,
कुजलेलं अस्तर काढलं
आणि आतून खादी लावली.
मी बघतच राहिलो. सुई बोटात गेली.
पांढऱ्यावर लाल ठिपका.
तो काही बोलला नाही. इस्त्री फिरवली त्यावरून.

कोट न्यायला आलेल्या हवालदारानं
मजुरी आण्या-पैशासकट मोजून दिली.
संध्याकाळी पलटण दुकानासमोरून गेली,
टाचा आपटत,
कुणाच्या डोक्यावर पांढरं दिसतंय का
ते शोधत.

जानेवारीत येरवड्याहून बातमी आली.
बाजार आपोआप मिटला.
इरण्णानं खिळ्यावरची दोरी उतरवली,
मांडीवर घेतली, दिवस कलेपर्यंत
एकेक गाठ चाचपत बसला.
कुठली कुणाची, त्याला पाठ होतं.

मला नाही.
दोरी माझ्याकडे आहे.