मोरीची झडप

चाळीसगावात तितूरच्या अलीकडे
तीन दुकानं हिंडलो.
एकानं डबा दाखवला, दहा वर्षांची हमी;
एकानं दाराला लावायची ॲल्युमिनियमची फळी.
भाव ऐकून मीच ओसरलो.

मग सुपडू मिस्तरी आला.
भिंतीवरल्या गाळाच्या रेघेला बोट लावून म्हणाला,
"पानी दारातून नाही, मोरीतून आलं."

खरंच. आम्ही दाराशी पोती रचत होतो
आणि ते मागून,
घरच्यासारखं.

त्यानं पाइपात झडप बसवली,
स्विचबोर्ड रेघेच्या वर नेला.
रेघ मात्र पुसू दिली नाही.

पैसे मोजताना विचारलं, तुमच्याकडे?
थापी धूत हसला:
"आम्हना घरले मोरीच नही,
पानी कथाईन येई?"

उरलेलं अर्धं पोतं सिमेंट
जाताना मागून नेलं.