वीस अंश

कुपवाडच्या शेडमध्ये डिसेंबरात
पहाटे आलेला माल लगेच मोजायचा नाही.
ट्रॉली आतल्या खोलीत ढकलायची, दार लावायचं,
लोखंडाला रुळू द्यायचं, वीस अंशांपर्यंत.
तोवर चहा.
भूपाल मगदूम डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून
बाकावर आडवा. रात्रभर टिगवर होता,
एका सांध्याला त्यानं काच उशिरा ओढली.
"वाळू गेल्यागत होतंय रं," म्हणतो,
आणि तशातही:
"पण शिवण बघितलीस का? नुसते माशाचे खवले."

ड्रॉइंगवर नाव नाही.
क्रमांक आहे, एक-चार-सात-ब.
भोकाचा व्यास आहे, अधिक आठ मायक्रॉन, उणे शून्य.
केस सत्तर मायक्रॉनचा धरतात,
म्हणजे केसाचा नववा हिस्सा
इकडचा तिकडं झाला
की लाल डबा.
मी ग्राइंडिंगला. दुधाळ कूलंट,
मनगटापर्यंत त्याचा आंबूस वास,
शुक्रवारी अत्तर लावलं तरी खालून तोच.
गो-गेज आपल्या वजनानं उतरावा,
नो-गो दाराशीच अडावा.
चार वर्षं मला इतकंच माहीत होतं.

गेटवर तातोबा जगदाळे, पलटणीतून निवृत्त,
सुटताना सगळ्यांचे खिसे चाचपतात.
एकदा माझ्या एप्रनमध्ये रिजेक्ट पीस निघाला,
विसरून राहिलेला,
बोटाएवढा, किंचित वाकडा.
त्यांनी तो घेतला, उलटा केला,
आणि त्यांची तर्जनी
त्यांना न विचारता
वाकली.
थोडीच.
मग जिथं थांबतात तिथं थांबली.
नजर रस्त्यावर होती, उसाच्या ट्रॅक्टरकडं.
"लाल डब्यात टाकून ये," म्हणाले,
आणि रजिस्टरात काहीच लिहिलं नाही.

आम्ही शिकलगार. धार लावणारे.
पणज्याच्या बापानं तलवारी घासल्या,
मग तलवारी खुंटीला गेल्या
आणि मिरजेत आमच्या दारात
भीमेकाठचे भोपळे उतरले, बैलगाडीभर.
पोट कुणालाच चुकलं नाही.
बाबालाल चाचा अजून जवारी लावतो.
तंबोऱ्याच्या घोडीवर कानस, एकदा, दोनदा,
मग तारेखाली सुताचा धागा सरकवत राहतो,
मागं, जरा पुढं, परत मागं,
आणि एका जागी तार उघडते,
खोलीभर, माठातल्या पाण्यापर्यंत.
मायक्रोमीटर नाही त्याच्याकडं.
पंखा बंद करतो, एवढंच.

रविवारी गेलो तर म्हणाला,
"तू काय बनवतोस रे तिकडं?"
चार वर्षांत पहिल्यांदा.
मी क्रमांक सांगितला.
"ते नाव झालं. वाजतं का?"
वाजतं, म्हटलं. लांब कुठंतरी.
त्यानं काही विचारलं नाही,
कानस माझ्या हातात दिली.
मी हात मारला, जसा येतो तसा,
एकसारखा, कुठं उंच नाही कुठं सखल नाही.
तार मुकी झाली.
त्यानं घोडीवरून अंगठा फिरवला.
"लई सरळ केलंस, बेटा,"
म्हणाला, आणि पंखा लावला.

आज सोमवार. बाहेर अकरा अंश.
ट्रॉली येऊन उभी आहे, पाचशे नग, थंडगार.
तळहाताची ऊबसुद्धा मापात येते,
नव्या पोरांना मीच सांगतो,
नुसतं धरलं तरी भोक मोठं होतं.
भूपालनं चकत्या काढल्यात,
लाल डोळ्यांनी घड्याळ बघतोय.
काटा अजून सतरावर.

मी खिशात हात घालून उभा आहे.