इन्नू इल्ल

तिसरा रविवारही उलटला आगमनकाळाचा.
फादर म्हणालेले, आतलं घर झाडून ठेवा.
माझ्या आत अकरा झगे, सहा ब्लाउज,
नंदगडच्या वरमाईचं फॉल-पिको.

सांजेला खानापुरात करंट गेला.
मोटर थांबली, सुई कापडातच.
मेणबत्ती सापडली ती पांढरी;
बुडाशी जांभळी चिंधी गुंडाळली.
रिकाम्या हातांचं काय करतात
आठवेना. मांडीवर ठेवले.

मलप्रभेवरनं धुकं गल्लीत शिरत होतं.
दाराशी कुणीतरी विचारलं,
"आतेन्री, अक्का?"
झालं का, एवढंच.
"इन्नू इल्ल," म्हटलं मी. अजून नाही.

पावलं गेली.
कुणाला म्हटलं, कोण जाणे.
मेण ओघळत चिंधीपर्यंत आलं.